मळसूत्राची उलटी फेरी

‘मळसूत्र’ हा शब्द आता बहुतेकांना ‘मळसूत्री जिना’ या जोडीतच भेटतो. दीपगृहातल्या किंवा जुन्या वाड्यातल्या, स्वतःभोवती पिळत वर जाणाऱ्या जिन्याला आपण तो शब्द दिला आणि ज्या वस्तूचं ते नाव होतं तिला ‘स्क्रू’ म्हणू लागलो. कारखान्यांत आणि गॅरेजांत मात्र एक अस्सल शब्द टिकून आहे : आटा. आटे पाडतात, आटे धरतात, आटे झिजतात आणि शेवटी आटे जातात. मापाचंही तसंच. देशात वजने-मापे कायदा १९५६ साली झाला, मेट्रिक पद्धत आली, पण जुन्या मिस्त्रीला विचारलं तर तो अजून ‘चार सूत’ म्हणतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच. त्याच्या पेटीत मिलिमीटरचे पाने एका कप्प्यात आणि सुताचे दुसऱ्यात. एके काळी फियाट आली की पहिला कप्पा उघडायचा, अँबॅसडर आली की दुसरा.

या लेखाचा विषय आटे गेलेला बोल्ट नाही. आटे शाबूत असताना, किंबहुना आट्यांनी नको इतकं घट्ट धरल्यामुळे मधेच मोडलेला बोल्ट, आणि तो इंजिनातून बाहेर काढण्याची विद्या, हा विषय आहे. गेली काही वर्षं मी दुरुस्तीच्या कामांच्या नोंदी ठेवतो आहे. या एका कामाबद्दल छापील पुस्तकांत फार तर अर्धं पान सापडतं, आणि त्या अर्ध्या पानात ‘मोडलेला बोल्ट योग्य अवजाराने काढावा’ अशा थाटाचं वाक्य असतं. योग्य अवजार कोणतं हे ठरवण्यातच सगळी विद्या आहे, आणि ती बहुतांशी लिहिलेली नाही.

आधी बोल्ट मोडतोच का, ते पाहू. बोल्ट म्हणजे दोन वस्तूंना टोचून धरणारा खिळा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो एक ताठ स्प्रिंग आहे. नट आवळताना बोल्ट केसभर ताणला जातो आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या त्याच्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. आठ मिलिमीटर जाडीचा, ८.८ दर्जाचा साधा बोल्ट २५ न्यूटन-मीटर जोराने आवळला, तर त्यातून सुमारे दीड टनाची ओढ निर्माण होते. बोल्टच्या डोक्यावरचे हे आकडे सहसा कुणी वाचत नाही. पहिल्या ८ चा अर्थ असा की दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणापर्यंत तो तुटणार नाही, आणि दुसऱ्या ८ चा अर्थ असा की त्या ताणाच्या ८० टक्क्यांपर्यंत तो सैल सोडल्यावर मूळ लांबीवर परत येईल. त्याच्या पुढे गेला तर लांबतो तो लांबतोच.

गंमत अशी की पान्यावर आपण लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा ही ओढ निर्माण करण्यात जातो. सुमारे निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. म्हणजे बोल्ट आवळणं हे नव्वद टक्के घासणं आहे. आता आट्यांत गंज शिरला की हा हिशेब पार बिघडतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकतं. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो फुगतो आणि पाचर मारल्यासारखा बोल्टला आवळतो. भोवतालचा धातू ॲल्युमिनियम असेल तर आणखी एक भानगड : दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, म्हणजे एक छोटी बॅटरीच. तिथे ॲल्युमिनियम खायला लागतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत सिमेंटसारखी बसते. असा बोल्ट सोडवताना पाना फिरतो, डोकं फिरतं, पण खालचं अंग जागचं हलत नाही. मधला भाग पिळला जातो. आठ मिलिमीटरचा ८.८ दर्जाचा बोल्ट सुमारे ३३ न्यूटन-मीटरला पिळून तुटू शकतो. फूटभर लांबीच्या पान्यावर हा जोर म्हणजे अकरा-बारा किलो वजन. घरातली पाण्याची बादली उचलतो तेवढंच.

मोडायच्या आधी बोल्ट सांगतो. जाम बोल्ट सुटायला लागला तर ‘कर्र’ असा कोरडा आवाज करतो, आणि तो आवाज ऐकून मिस्त्रीचा चेहरा खुलतो. पण पाना आवाज न करता, रबर ताणल्यासारखा मऊ फिरू लागला तर थांबायचं. तो बोल्ट सुटत नसतो, पिळवटत असतो. इथे थांबून उलट दिशेला, म्हणजे आवळण्याच्या बाजूला, जरासा फिरवायचा, तेल सोडायचं, पुन्हा अर्धा पाव फेरा सोडायचा, पुन्हा मागे. असं पुढे-मागे करत गंजाची भुकटी आट्यांतून दळून काढायची. ज्याला घाई आहे त्याच्या हातून बोल्ट मोडतो, एवढं सरळ गणित आहे.

मोडल्यावर पहिलं काम अवजार हातात घेण्याचं नाही. तुटलेलं तोंड वाचण्याचं आहे. तीन तऱ्हा असतात. आवळताना जास्त जोर लागून बोल्ट तुटला असेल तर आत उरलेला तुकडा मोकळा असतो. डोकं गेल्याबरोबर ताण गेला, आणि आटे स्वच्छ आहेत. टोकदार सळीने कडेला हलकेच टोचत उलटा फिरवला तर तो चक्क बोटांनी बाहेर येतो. दुसरी तऱ्हा थकव्याने तुटलेल्या बोल्टची. त्याच्या तुटलेल्या तोंडावर ओहोटीनंतर वाळूत राहतात तशा एकामागोमाग एक रेषा दिसतात. तडा थोडा थोडा पुढे सरकत गेला त्याच्या त्या खुणा. जुना भाग काळपट, शेवटी एकदम तुटलेला भाग खडबडीत आणि चमकदार. लोक समजतात की असा बोल्ट फार घट्ट असल्यामुळे तुटला; बहुतेक वेळा तो सैल राहिल्यामुळे दर हिसक्याला वाकून वाकून तुटलेला असतो. हाही तुकडा सहसा निघतो. तिसरी तऱ्हा वाईट : सोडवताना पिळून मोडलेला, गंजाने धरलेला बोल्ट. त्याच्या तोंडावर भोवऱ्यासारखे वळ दिसतात.

या तिसऱ्या तऱ्हेसाठी बाजारात एक अवजार मिळतं, त्याला सगळे ‘इझी-आउट’ म्हणतात. निमुळतं, उलट्या पिळाचं, कडक पोलादाचं. मोडलेल्या बोल्टच्या मधोमध भोक पाडायचं, त्यात हे उलटं फिरवत बसवायचं. ते जसं आत रुततं तसा बोल्ट सुटण्याच्या दिशेने फिरावा, अशी कल्पना. कल्पना छान आहे. पण विचार करा. आठ मिलिमीटरचा अख्खा बोल्ट ज्या गंजापुढे हरला, त्याच गंजाला बोल्टच्या पोटात मावणारी तीन-चार मिलिमीटरची काडी कशी हरवणार? शिवाय ती निमुळती असल्यामुळे आत रुतताना बोल्टला बाहेरच्या बाजूला फुगवते, म्हणजे आट्यांत आणखी घट्ट दाबते. मोकळ्या तुकड्यांसाठी हे अवजार चांगलं आहे, पण त्यांना त्याची फारशी गरज नसते. जाम तुकड्यात ते मोडतं. आणि एकदा ते आत मोडलं की नेहमीचं ड्रिल त्यावर चालत नाही, कारण ड्रिल आणि इझी-आउट दोन्ही जवळपास सारख्याच कडकपणाचे. दुखण्यापेक्षा औषध जड झालं, अशी अवस्था.

नेमकी हीच अवस्था झालेली एक गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजमध्ये आली, तेव्हा मी तिथे होतो. मारुती ओम्नी. २०१९ मध्ये हिचं उत्पादन थांबलं, पण गावोगाव अजून धावते. ७९६ घनसेंटिमीटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन, वरचं हेड ॲल्युमिनियमचं, आणि सगळं पुढच्या सीटखाली. ही गाडी शाळेच्या मुलांची ने-आण करायची. तिची आधीची बरीच वर्षं रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत गेली होती. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांतून जळका वायू गोळा करणाऱ्या ओतीव लोखंडी नळकांड्याचा, अगदी टोकाचा स्टड मोडला होता. दुसऱ्या एका गॅरेजने तो काढायचा प्रयत्न केला, भोक पाडलं, इझी-आउट घातलं, आणि ते आतच मोडलं.

टोकाचाच स्टड का मोडतो, याला कारण आहे. तापमान शंभर अंशांनी वाढलं तर मीटरभर लांबीचं ओतीव लोखंड सुमारे १.१ मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम २.३ मिलिमीटर. ऐकून वाटेल की ॲल्युमिनियमच जास्त पसरत असेल. पण मॅनिफोल्ड पाचशे अंशांपर्यंत तापतं आणि हेडच्या आतून पाणी खेळत असल्यामुळे ते शंभर अंशांच्या आसपास राहतं. तीस सेंटिमीटर लांबी धरली तर लोखंड दीड मिलिमीटर वाढतं आणि हेड अर्धा. फरक एक मिलिमीटरचा. मधला भाग जागेवर धरला तर दोन्ही टोकांना अर्धा अर्धा. दर वेळी गाडी तापली की टोकाचा स्टड अर्धा मिलिमीटर बाजूला ढकलला जातो आणि थंड झाली की मागे येतो. मॅनिफोल्डची भोकं म्हणूनच स्टडपेक्षा मोठी ठेवतात, त्याला सरकायला जागा मिळावी म्हणून. गंजाने ती जागा भरली की स्टड वाकू लागतो.

लक्षणही ओळखीचं. सकाळी गाडी चालू केली की ‘फट फट फट’ असा आवाज, आणि पाच-दहा मिनिटांनी तो कमी होतो, कारण लोखंड तापून फट मिटते. चालकाला वाटतं, गाडी गरम झाली, बरी झाली.

गाडीचा मालक तरुण होता. शुक्रवार होता आणि सोमवारी शाळा सुरू होत होत्या. त्याचं म्हणणं सरळ होतं.

“मामा, एकच तर स्टड हाय. बाकीचे घट हायत की. वरनं काय तरी लावून भागवा. सोमवारी पोरं आणायचीत.”

मिस्त्री साठीचे. त्यांनी छोट्या आरशात खालून टॉर्च टाकून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “पोरं आणायचीत म्हणूनच न्हाई भागवत. ह्यो वायू कुठं जातोय? शीटाखाली. तिथनं आत. वास सुदीक येत न्हाई त्याला.”

हे त्यांचं बोलणं शास्त्राच्या कसोटीवर तंतोतंत उतरतं. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. मॅनिफोल्डची गळती ही सायलेन्सरच्या गळतीपेक्षा वाईट, कारण हा वायू शुद्धीकरणाच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर पडतो. आणि या गाडीत इंजिन माणसांच्या खालीच. काचा लावून, पावसाळ्यात, आठ-दहा मुलं. बाहेर आवाज ‘फट फट’ एवढाच. मालक काही वेळ बोलला नाही. मग त्याने विचारलं, “मग हेड काढायला लागंल?” हेड काढायचं म्हणजे टायमिंग बेल्ट उतरवायचा, पाणी काढायचं, नवं हेड पॅकिंग घालायचं, दोन दिवसांचं काम. मिस्त्री म्हणाले, “लागंल.”

हेड काढल्याशिवाय तुटक्या स्टडला सरळ रेषेत भिडताच येत नव्हतं, हेही खरं. या कामात सरळ रेषेला फार महत्त्व आहे. ॲल्युमिनियम मऊ, पोलाद कडक. ड्रिल जरा तिरपं लागलं की ते कडक स्टड सोडून मऊ ॲल्युमिनियमकडे घसरतं, आणि मग भोक लंबवर्तुळ होतं, आटे एका बाजूने खाल्ले जातात. म्हणून चांगला कारागीर ड्रिल लावायच्या आधी अर्धा तास तयारीत घालवतो. तुटलेलं तोंड कानसीने सपाट करायचं. मधोमध पंच मारायचा. जमलं तर लेथवर एक छोटी बुश करून घ्यायची, बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकात बसणारी आणि आतून ड्रिल जेमतेम जाईल अशी, म्हणजे ड्रिलला भटकायला जागाच उरत नाही. आधी तीन मिलिमीटरचं ड्रिल, मग साडेचार, मग साडेसहाच्या आसपास. शक्यतो डाव्या पिळाचं ड्रिल वापरायचं. ते उलटं फिरतं आणि कधीकधी कापता कापताच तुकडा सैल होऊन ड्रिलबरोबर बाहेर येतो. (डाव्या पिळाचं नवल वाटायला नको. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात आणि ॲसिटिलीनच्या नळीच्या नटाचेही.) नाही आला, तर आठ मिलिमीटरच्या बोल्टचा नुसता आट्यांचा पातळ पापुद्रा उरतो, आणि तो टोकदार सळीने खरवडून काढता येतो. मग ६.८ मिलिमीटरचं भोक आणि सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा टॅप घालून आटे साफ केले की झालं.

या गाडीला हे सगळं बंद होतं, कारण ड्रिलच्या वाटेत इझी-आउटचा तुकडा उभा होता.

शनिवारी सकाळी हेड बाकावर होतं. मिस्त्रींनी आधी नट जोडायचा प्रयत्न केला. ही पद्धत मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात तीन गोष्टी एकदम घडतात. तुटक्या स्टडवर नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करून तो स्टडला चिकटवायचा. पोलादी वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे भोवतालच्या हेडला तो चिकटत नाही. पान्याला धरायला नवं डोकं मिळतं. वेल्डच्या आचेने स्टड लाल होतो, फुगतो, थंड होताना आकसतो, आणि या फुगण्या-आकसण्यात गंजाची पकड तडकते. आणि गरम असतानाच मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांच्या फटीत खोलवर ओढलं जातं. आच द्यायची ती स्टडला, हेडला नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि लोखंडासारखं आधी लाल होऊन सूचना देत नाही. काम गाडीवरच करायचं असेल तर आधी बॅटरीच्या वायरी काढायच्या आणि पेट्रोलच्या नळीपासून ठिणगी दूर ठेवायची, हे वेगळं सांगायला नको.

दोन वेळा नट जोडला, दोन्ही वेळा तडकून निघाला. वेल्ड स्टडच्या कडेपेक्षा मधल्या कडक इझी-आउटलाच जास्त धरत होता, आणि असं कडक पोलाद वेल्डच्या आचेनंतर काचेसारखं ठिसूळ होतं.

तेलाबद्दल इथेच सांगून टाकतो. जाम बोल्टवर लोक नाना गोष्टी ओततात : घासलेट, डिझेल, ब्रेक ऑइल, अॅसिटोनमध्ये गिअर ऑइल. सगळ्यांचा उपयोग पातळपणाचा. जे फटीत शिरेल ते कामाचं, आणि शिरायला रात्रभर वेळ द्यावा लागतो. डबल्यूडी-४० हा डबा तर घरोघरी असतो. त्याच्या नावाचा अर्थ ‘पाणी हटवणारा, चाळिसावा प्रयोग’ असा. मूळ हेतू धातूवरचं पाणी हटवून गंज टाळण्याचा, जाम बोल्ट सोडवण्याचा नव्हे. तो चालतो, पण खास या कामासाठी केलेल्या तेलांशी त्याची बरोबरी नाही.

मला एक जुनी युक्ती आठवली आणि मी ती बोलून दाखवली : तुरटी. घड्याळजी पितळी पट्टीत मोडलेला पोलादी स्क्रू काढायला ती पट्टी तुरटीच्या कढत, दाट पाण्यात बुडवून ठेवतात. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. त्यात पोलाद हळूहळू विरघळतं, पितळ शाबूत राहतं. ॲल्युमिनियमवरही स्वतःच्या ऑक्साइडचा पापुद्रा असल्यामुळे ते टिकतं, आणि काही कारागीर ॲल्युमिनियमच्या भागांत मोडलेले टॅप असेच काढतात. दाढीच्या तुरटीने इझी-आउट विरघळेल, ही कल्पना मिस्त्रींना फार आवडली. मग त्यांनी हेड उलटं केलं आणि बोटाने दाखवलं : व्हॉल्व्हची सीट लोखंडी, व्हॉल्व्हच्या गाइड लोखंडी, दुसरे स्टड पोलादी. “तुमची तुरटी हे बी खाईल की.” विषय तिथेच संपला.

दुपारी हेड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपात गेलं. तिथे स्पार्क मशीन होतं. या यंत्राचं काम पाहण्यासारखं असतं, कारण त्यात कुणी कुणाला कापत नाही. पितळेची किंवा तांब्याची पोकळ काडी मोडलेल्या पोलादाच्या अगदी जवळ आणतात, टेकवत नाहीत. मधे घासलेटासारखा, वीज न वाहणारा द्रव खेळता ठेवतात. काडी आणि पोलाद यांच्यात सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी पोलादाचा सुईच्या टोकाहून लहान कण वितळवते आणि द्रव तो वाहून नेतो. पोलाद कितीही कडक असलं तरी फरक पडत नाही. त्यातून वीज वाहिली की पुरे. आणि स्पर्शच नसल्यामुळे जोर लागत नाही, काही मोडत नाही.

या यंत्राचा जन्म मला फार मार्मिक वाटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेंको या पतिपत्नींना काम दिलं होतं ते इंजिनातल्या ठिणगीच्या पॉइंटांची झीज थांबवण्याचं. गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये टंगस्टनचे दोन बिंदू सतत उघडमीट करतात आणि दर ठिणगीला थोडे झिजतात. त्यांनी ते तेलात बुडवून पाहिले. झीज थांबली नाही, पण ती नियमित, मापात बसणारी झाली. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला : झीज थांबवता येत नसेल, तर तिला कामाला का लावू नये? १९४३ च्या सुमारास ठिणगीने धातू कोरण्याची पद्धत त्यातून आली. त्याच दशकात अमेरिकेतही काही अभियंते ठिणगीकडेच वळले होते, आणि त्यांची गरज होती ॲल्युमिनियमच्या भागांत मोडलेले ड्रिल आणि टॅप बाहेर काढण्याची. म्हणजे आज ज्या यंत्राने साच्यांचे आणि विमानांच्या भागांचे नाजूक आकार कोरले जातात, त्याच्या पूर्वजांत एक जण मोडलेला टॅप काढणारा आहे.

हेड टेबलावर काटेकोर सरळ बांधण्यात वर्कशॉपवाल्याचा बराच वेळ गेला. प्रत्यक्ष ठिणग्यांचं काम तासाभरात झालं. काडी आट्यांच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित बारीक निवडली होती, म्हणून ॲल्युमिनियमच्या आट्यांना ठिणगी लागलीच नाही. इझी-आउटचा तुकडा चुऱ्यासारखा वाहून गेला, मग स्टडचा गाभा गेला. उरलेला पापुद्रा मिस्त्रींनी सुईसारख्या सळीने कडेने आत वाकवला आणि चिमट्याने ओढला. बारीक स्प्रिंगसारखी वेटोळी बाहेर आली, तीन आख्खे वळसे.

आटे मात्र सगळे चांगले नव्हते. पहिल्या गॅरेजचं ड्रिल एका बाजूला घसरलं होतं आणि बाहेरचे दोन-तीन आटे खाल्ले गेले होते. म्हणून ८.३ मिलिमीटरचं भोक करून, खास टॅप मारून, हेलिकॉइल बसवलं. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची एक गुंडाळी. तारेचा छेद चौकोनी, तोही कोपऱ्यावर उभा, त्यामुळे तिचा बाहेरचा कोपरा ॲल्युमिनियममध्ये आटा होतो आणि आतला कोपरा बोल्टसाठी आटा होतो. आटा मोठ्या व्यासाच्या ॲल्युमिनियमवर भार टाकत असल्यामुळे ही दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षा मजबूत असते. लोकांना हे पटत नाही. त्यांना ते ठिगळ वाटतं. विमानांच्या इंजिनांत नव्या भागांतच अशा गुंडाळ्या मुद्दाम घालतात.

असल्या गुंडाळ्या दुकानात तयार मिळतात, याचं श्रेय मापांच्या एकवाक्यतेला आहे. सन १८०० च्या आधीपर्यंत एका कारखान्यातला नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टला बसायचा नाही, आणि कित्येकदा त्याच कारखान्यातल्या शेजारच्या बोल्टलाही नाही. हेन्री मॉडस्ली यांच्या आटे पाडणाऱ्या लेथने एकसारखे आटे पाडता आले. त्यांच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ब्रिटनसाठी एक प्रमाण सुचवलं, ५५ अंशांच्या कोनाचं. विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये अमेरिकेसाठी ६० अंशांचं. या पाच अंशांनी पुढे किती डोकेदुखी केली! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मर्लिन इंजिन अमेरिकेत बनवताना पॅकार्ड कंपनीला ब्रिटिश आट्यांसाठी टॅप आणि डायसुद्धा स्वतःच करावे लागले. शेवटी १९४८ च्या नोव्हेंबरात अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकाच आट्यावर सही केली. आपल्याकडे हे सगळे आटे एकामागून एक येऊन राहिले, आणि मिस्त्रीच्या पेटीतले ते दोन कप्पे त्याचाच पुरावा. अशा माणसांच्या कामाची नोंद मराठीत व्हायला हवी असं वाटणारा मी पहिला नव्हे. मराठी वाङ्मयात मानाचं स्थान मिळवलेलं एक मासिक, ‘किर्लोस्कर’, १९२० मध्ये नांगर आणि यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याची ‘खबर’ म्हणूनच सुरू झालं होतं.

जोडणी रविवारी झाली. मिस्त्रींनी मोडलेला एकच नव्हे, सगळे स्टड बदलले. एक थकला असेल तर त्याच वयाचे बाकीचेही थकलेले असणार. आट्यांना तांब्याची भुकटी असलेली पेस्ट लावली, म्हणजे पुढच्या माणसाला ते सोडवता येतील. नट पितळेचे घेतले, कारण पितळ पोलादाला गंजाने धरत नाही. या पेस्टमध्ये एक खाच आहे : घर्षण कमी होतं, त्यामुळे तोच जोर लावला तर ओढ जास्त निर्माण होते आणि नवा स्टडही ताणला जाऊ शकतो. म्हणून पान्यावरचा आकडा सुमारे पाव हिश्शाने कमी घेतला. आवळणी मधल्या स्टडपासून सुरू करून दोन्ही टोकांकडे, एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. मॅनिफोल्डच्या टोकाची भोकं आतून कानसीने साफ केली होती, अर्धा मिलिमीटर सरकायला जागा राहील इतपत.

संध्याकाळी इंजिन थंड असताना चालू केलं. मालक खाली वाकून कान लावून बसला होता. मिस्त्रींनी पॅकिंगच्या कडेने साबणाचं पाणी सोडलं. कुठे फुगा आला नाही. गाडी तापून पुन्हा थंड होऊ दिली, आणि त्याला सांगितलं की बुधवारी शाळा सुटल्यावर ये, गाडी गार झाली की नट एकदा बघायचे आहेत.

बुधवारी तो आला. मिस्त्रींनी पाना लावला. मधले दोन नट किंचित फिरले, टोकाचे जागेवर होते.